छातीवरचा कान

आमच्या शेजारच्या गोदूताईंचं माझ्या आईबद्दल ठाम मत होतं की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला कारणही होतं. अण्णा सकाळच्या गाडीने फोर्टातल्या कचेरीत गेले की डोंबिवलीच्या आमच्या त्या दोन खोल्यांत मी आणि आई अशा दोघीच उरायचो, आणि तरी आतून दिवे लागेपर्यंत एकाच बाईचा आवाज येत राहायचा. "आता मी पातेलं ठेवते. हे बघ पातेलं. आता तेल. तेल तापलं का? तापलं. आता मोहरी टाकते, मागे सर, उडते ती. तडतड, तडतड! ऐकलंस?" मग कांदा, मग कांद्याची साल, मग सालीचा रंग. भाजीवाल्याने दारात काही विचारलं तर त्याला उत्तर द्यायच्या आधी आई तोच प्रश्न माझ्याकडे वळून पुन्हा म्हणायची. भाजीवाला बिचारा पाटी डोक्यावर घेऊन ताटकळायचा. माझ्याकडून उत्तर यायचं नाही, निदान सुरुवातीला बरेच महिने तरी नाहीच. पण आईच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. गोदूताई अण्णांना एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या होत्या, "भाऊजी, वहिनींना चार दिवस माहेरी पाठवा हो." अण्णांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, "हा ठसका. ठसका लागला आईला."

मी जन्मापासून जवळजवळ बहिरी. ढोल वाजला तर पोटात कळायचा, एवढंच माझं ऐकणं. मग अण्णांच्या साहेबांनी विलायतेहून एक यंत्र आणवून दिलं आणि माझ्या कपाळी बोलणं आलं. आजच्या पोरींना ते यंत्र दाखवलं तर त्यांना ते रेडिओचं पिल्लू वाटेल. साबणाच्या डबीएवढी एक पेटी, तिच्या पोटात बॅटऱ्या, वर आवाज कमीजास्त करायचं दातेरी चाक, पेटीतून निघणारी एक वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बटण. आईने अण्णांच्या जुन्या, मऊ झालेल्या धोतराची एक पिशवी शिवली, तिला खांद्यांवरून पाठीकडे जाणारे पट्टे लावले, आणि ती पेटी माझ्या फ्रॉकवर छातीशी बसवली. धोतर जुनंच का, तर नवं कापड पेटीवर घासलं की कानात वादळ उठायचं.

गंमत अशी की आवाज टिपायची जाळी होती पेटीला. म्हणजे माझा कान खरं तर छातीवर होता. हे जगाला काही केल्या पटायचं नाही. आलागेला प्रत्येक पाहुणा खाली वाकून माझ्या कानात तोंड घालायचा आणि "कुमुद!" म्हणून जी बोंब ठोकायचा, त्यातून मला फक्त गरम श्वास आणि तंबाखूचा वास मिळायचा. आई त्यांना खांद्याला धरून सरळ करायची. "इथे बोला, तिच्या समोर. आणि हळू." माझे एक मामा फार मर्यादशील. भाचीच्या छातीकडे बघून बोलायचं म्हणजे त्यांना कानकोंडं व्हायचं. ते आपले छताकडे बघून, "कुमुद बाळ, अभ्यास कसा चाललाय?" असं विचारायचे, आणि मीही छताकडे बघून "बरा" म्हणायचे.

परवा ठाण्याला वर्तकनगरमध्ये माझं आताचं यंत्र दुरुस्त करायला गेले होते. वालाच्या दाण्याएवढं आहे ते, कानामागे लपतं. तिथे एक तरुण आई आपल्या लेकीचे केस कानावर ओढून ओढून बसवत होती, म्हणजे कुणाला दिसू नये. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "अगं, केस बाजूला घे. तिला आवाज स्वच्छ येऊ दे. लोकांचं काय, ते दोन दिवस बघतात आणि मग कंटाळतात." मुलगी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. घरी येताना वाटलं, हे आपण बोललो की आई बोलली?

माझे शब्द फुटायला लागले तशी मुंबईच्या कानाच्या डॉक्टरांनी एक नवीनच प्रथा पाडली. कल्याणच्या बाजूचं कुणी मूल त्यांच्याकडे आलं, त्याला यंत्र बसवलं, की ते आईबापांना सांगायचे, "डोंबिवलीला एक बाई राहतात. पुढचं त्या सांगतील." आधी आंबिवलीहून एक जोडपं आलं. मग ठाण्याच्या खोपटहून एक मास्तरीणबाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. बघता बघता शनिवारची दुपार ही आमच्या घरी यंत्रवाल्या मुलांच्या आईबापांची दुपार झाली. पाण्याच्या पेल्यांपासून चटईच्या जागेपर्यंत सगळं ठरून गेलं. त्या दुपारी आमच्याकडे स्टोव्ह पेटायचा नाही. स्टोव्हचा तो फरफराट पेटीत शिरला की माणसाचा शब्दच बुडून जायचा. त्यामुळे एवढी माणसं लांबून यायची आणि चहाचा घोटही मिळायचा नाही. अण्णांना ह्याची फार लाज वाटायची. आई मात्र शुक्रवारीच नारळ खवून ठेवायची आणि शनिवारी परातभर दडपे पोहे करायची. ओलं खोबरं, बारीक कांदा, कैरी असली तर कैरी, आणि वर सकाळीच करून ठेवलेली गार फोडणी. सोबत लिंबाचं सरबत. पोह्यांचा परिणाम असा झाला की आंबिवलीचे ते गृहस्थ मुलीला यंत्र छान जमायला लागल्यावरसुद्धा दर शनिवारी येत राहिले.

नवीन माणूस आलं की आईचा एकच नियम. "आधी तुम्ही घाला." माझ्या वायरीला ती एक सुटं बटण लावायची, ते त्या आईच्या किंवा बापाच्या कानात बसवायची, पेटी त्यांच्या छातीशी धरायची आणि म्हणायची, आता बसा पाच मिनिटं. बायका लाजत लाजत का होईना, घालायच्या. पुरुषांच्या जिवावर यायचं. आंबिवलीकरांनी हसत हसत बटण घातलं आणि नेमकं त्याच वेळी आईने फरशीवर स्टीलचं ताट ठेवलं. गृहस्थ चटईवरून उडालेच. "एवढं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "एवढं. आणि ह्यावर पोर रडलं की आपण म्हणतो हट्टी आहे." त्या गृहस्थांनी मुलीला जवळ ओढलं.

त्यानंतर माझी पाळी असायची. "कुमुद, बोल." मी चटईच्या मध्ये उभी राहून म्हणायचे, "माझं नाव कुमुद. मी दुसरीत आहे. मला दडपे पोहे आवडतात." माझा आवाज सपाट होता, थोडा नाकातून यायचा, आणि च आणि ट ह्यांची मी तेव्हा भेळ करत असे. आई अशी बघायची की जणू मी कीर्तन करते आहे. आलेल्या बाया मात्र पदर डोळ्यांना लावायच्या. "छान बोलते हो," असं म्हणायच्या, पण तोंडं अशी, की सांत्वनाला आल्यासारखी. मला ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र फार चांगलं. आपली मुलगी अशी बोलावी असं त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडावर मला कधी दिसलं नाही. मला त्यांचा राग यायचा. मी मग पोह्यांची ताटली घेऊन खिडकीत पाठ करून बसायचे.

हिराबाई पहिल्यांदा आली ती खाडीच्या अंगाच्या आगरी गावातून, लेकीला कडेवर घेऊन, पायी. तिचं सासर पिढ्यानपिढ्या मिठागरातलं आणि भातशेतीतलं. नवरा मिलमध्ये पाळीवर असायचा, घरात सासऱ्याचा शब्द चालायचा. चंद्री तिची एकुलती एक, चारेक वर्षांची, गोल डोळ्यांची पोर. सासरे दामा पाटील, त्यांचा नातीवर भारी जीव. मुंबईच्या डॉक्टरकडे तिला घेऊन तेच गेले होते, यंत्रही त्यांनीच आणलं होतं. आमच्याकडे चंद्री दुपारभर यंत्र घालून बसायची. आई बोलली की बघायची, वाटी वाजवली की वळायची. पण हिराबाई येऊन सांगायची ते वेगळंच. "वयनी, सांच्याला आजा हिला गावात फिरवाला नेतो ना, तवा कारून फेकून देतं बगा. रोजचा तमाशा. सासरा बोलतो, पोरीला तरास व्हतो. नंदेची हलद झाली का यंत्र डाक्टरला परत."

आईने बॅटरी बदलून पाहिली. वायर बदलली. चाक फिरवून पाहिलं, बटण धुऊन पाहिलं. चंद्री आमच्याकडे खुशाल यंत्र घालून पोहे खात होती. शेवटी आईचा धीर सुटला. "हिराबाई, खरं सांगा. तुम्ही घरी यंत्र घालतच नाही ना तिला? लोकांना लाजता?" हे ती जरा धारेनेच बोलली. सगळ्यांच्या देखत. हिराबाईने हातातली ताटली खाली ठेवली. त्या दिवशी तिने पोह्याला हात लावला नाही. दुसरी कुणी असती तर परत फिरकली नसती. हिराबाई पुढच्या शनिवारी बरोबर त्याच वेळेला हजर. आईच्या समोर उभी राहून म्हणाली, "तुमी हलदीला या. डोल्याने बगा." सासरी तिला ऐकावं लागत होतं की तू पोरीला छळतेस, आणि आमच्याकडे तिला ऐकावं लागलं की तू घालतच नाहीस. ह्या दोन्हींच्या मध्ये ती पोरीचं बोलणं धरून बसली होती.

हळदीला त्यांच्याकडून बैलगाडी आली. अण्णा म्हणाले, मी येत नाही, मला पुरुषांत बसून काय बोलायचं कळत नाही. आई आणि मी गेलो. हिरव्या पानांचा मांडव, मांडवभर माणसं, चुलाणावर तांदळाच्या भाकऱ्या, वालाच्या बिरड्याचा वास, आणि कोपऱ्यात बसून धवळे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या. ते लग्नातलं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. शब्द एकही कळला नाही, पण सूर वर जाऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा, तो पेटीतून सरळ आत यायचा. चंद्री माझ्या मांडीवर बसून ऐकत होती. दोघींच्या छातीवर दोन पेट्या. गावातली पोरं आमच्याभोवती कोंडाळं करून बघत होती आणि मला त्या दिवशी, का कोण जाणे, त्याचं काही वाटलं नाही. हिराबाईने लांबूनच आईला खूण केली, बघा, घातलंय की नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर दामा पाटील घरातून बाहेर आले. धिप्पाड म्हातारा, नवं धोतर, डोक्यावर टोपी, हातात सोन्याच्या पुतळ्यांची माळ. त्यांच्या गेलेल्या बायकोची. पेटाऱ्यात कुलपात असायची आणि संध्याकाळी नातीला फिरवायला नेताना तेवढी बाहेर निघायची. त्यांनी चंद्रीला जवळ घेतलं आणि ती माळ तिच्या गळ्यात घातली, पिशवीवर नीट पसरून, पेटी झाकली जाईल अशी. आईला म्हणाले, "बाय, लोकांनी पेटी का म्हनून बगावी? माजी नात हाय. लोक सोनं बगू दे." आई हसली. तिला ते आवडलं होतं, मला दिसलं. चंद्री हसत दोन पावलं पळाली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने वायर ओढली, बटण उडालं, आणि ती मातीत बसून किंचाळायला लागली. धवळे थांबले. दामा पाटलांनी तिला उचललं, माळ आणि पेटी उतरवून हिराबाईच्या हातात दिली. "बगलास ना बाय? रोज ह्येच. उद्या परत करतो मी ते." हिराबाई खाली मान घालून उभी होती.

मला कळलं होतं. फ्रॉकचं एक बटण पेटीला लागलं तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी आईचा पदर ओढला. "आई, माळ वाजते." आई म्हणाली, "कुठे वाजते गं? किणकिण होते नुसती." मी म्हटलं, "तुला किणकिण. तिला नाही." आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हिराबाईच्या हातातून पेटी घेतली, बटण कानात घातलं, पेटी छातीशी धरून वरून माळ घातली आणि एक पाऊल टाकलं. दुसरं तिने टाकलंच नाही. कपाळावर हात मारला आणि आधी सासऱ्याकडे न जाता ती हिराबाईकडे गेली.

"हिराबाई, मी तुम्हाला खोटं ठरवलं. चुकले मी." भर मांडवात, सगळ्या भाऊबंदांसमोर, मोठ्याने. हिराबाईने तोंडाला पदर लावला. "वयनी, नका ना," एवढंच म्हणाली, आणि आईचा हात धरून ठेवला. माझ्या आईला आपण चुकलो असं म्हणायची सवय अजिबात नव्हती. अण्णांना विचारा. म्हणून तर मला तिचा तेव्हा एवढा अभिमान वाटला, आणि आज हे लिहितानाही वाटतो.

मग ती दामा पाटलांसमोर जाऊन उभी राहिली. "आधी तुम्ही घाला." मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांची मान ताठ झाली. गावच्या माणसांसमोर, पोरीबाळींसमोर, ते बहिऱ्याचं बटण कानात घालून उभं राहायचं! आई काही हटली नाही. "चंद्री घालते तसंच. माळेसकट." त्यांनी एकदा नातीकडे बघितलं. ती हुंदके देत होती. त्यांनी टोपी काढून बाजल्यावर ठेवली. पट्टे त्यांच्या खांद्याला पुरेनात, तेव्हा आईने पेटी त्यांच्या छातीवर हाताने धरली, बटण कानात बसवलं, आणि हिराबाईने माळ वरून घातली. "आता चला," आई म्हणाली, आणि पेटी धरून त्यांच्या बाजूने चालली.

ते दोन पावलं चालले आणि थांबले. दोन्ही हातांनी, पुतळीला पुतळी लागू न देता, त्यांनी माळ काढली. "मी रोज घालीत व्हतो," ते म्हणाले. "पोर रडं, तरी मी रोज घालीत व्हतो." आणि तो एवढा मोठा माणूस रडायला लागला. आई म्हणाली, "मायेनेच घालत होतात." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, आणि मग जे केलं ते आईने कुठल्याही शनिवारी कुणाला करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी हाक मारली, "ए बारकू, हिकरं ये. घाल कानात. आता भांडं वाजव रं कोनतरी. आयकलास? असं व्हतं तिला. आता हलू बोल." बारकूनंतर व्याही, व्याह्यानंतर धवळे म्हणणारी म्हातारी, आणि हळदीने माखलेली नवरी हात वर धरून, बटण दुसरीकडून घालून घेत. हळद तशीच खोळंबून राहिली. एकेक माणूस "अगो बाय!" म्हणून कान धरायचा आणि चंद्रीकडे बघायचा. चंद्री माझ्या मांडीवर भाकरी चघळत सगळ्यांची मजा बघत होती. ती आज स्वतः आजी आहे, कल्याणला राहते, आणि मी फोन उशिरा उचलला तर मला चांगली दटावते. ह्यातलं निम्मं मी तेव्हा ऐकलं, काही ओठांवर वाचलं, आणि उरलेलं आईने नंतर इतक्यांदा सांगितलं की ते माझंच होऊन गेलं.

शेवटचं मात्र मला कुणी सांगायची गरज नाही. सगळ्यांचं झाल्यावर दामा पाटलांनी बटण पुन्हा आपल्या कानात घातलं, पेटी मुठीत धरून छातीशी लावली आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. "तू बोल पोरी. मना आयकू दे." मी नेहमीचंच म्हटलं. माझं नाव कुमुद. मी दुसरीत आहे. आणि पोहे न म्हणता म्हटलं, "तुमचं बिरडं छान झालंय." ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा शनिवारच्या त्या बायांसारखंच तोंड मला दिसणार म्हणून मी आधीच दुसरीकडे बघायला लागले होते. पण ते आईकडे वळले होते.

"बाय," त्यांनी विचारलं, "माजी चंद्री अशी बोलंल?"

"अशीच बोलेल," आई म्हणाली.

माझ्यासारखं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या माणसासाठी मागितलं होतं. मी फ्रॉक सारखा केला, त्यांच्या मुठीतल्या पेटीसमोर नीट बसले, आणि माझं नाव त्यांना पुन्हा एकदा सांगितलं.